धावपट्टीच्या तोंडाशी गेलेलं विमान परत का फिरतं? इंधनाचा हिशेब, सोप्या भाषेत

मुंबईहून दिल्लीला जाणारं विमान. दारं बंद झाली, पट्टे लागले, विमान मागे ढकललं गेलं आणि मग पाऊण तास ते नुसतं इंच-इंच सरकत राहिलं. शेवटी कॅप्टनचा आवाज येतो, "आपल्याला इंधन भरण्यासाठी परत जावं लागेल." आत एकच गलका उडतो. निघतानाच बघून भरायला काय झालं होतं? पेट्रोल नसताना गाडी बाहेर काढलीच कशाला?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून उडणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण मुंबई, हैदराबाद किंवा बंगळुरूला उतरून पुढे मोठ्या विमानात बसतात, त्यामुळे ही रांग कोल्हापूरकरांच्याही वाट्याला येते. पावसाळ्यात आणि उत्तरेतल्या धुक्याच्या दिवसांत तर हमखास. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: परत फिरणारा कॅप्टन आपलं काम चोख करत असतो. इंधन कमी पडणं हे फक्त जमिनीवरच निरुपद्रवी असतं, आणि तो ते जमिनीवरच निस्तरतोय. हे पटण्यासाठी आधी विमानात इंधन कसं मोजतात ते बघू.

हिशेब किलोत चालतो

विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, हे एक प्रकारचं शुद्ध केलेलं रॉकेलच. पंपावर आपण लिटरमध्ये बोलतो, वैमानिक मात्र किलोत बोलतो. इंजिनाला किती ऊर्जा मिळणार हे इंधनाच्या वजनावर ठरतं आणि विमान किती जड होणार हेही वजनावरच. एक लिटर एटीएफ साधारण 0.8 किलो भरतं, आणि तापमान बदललं की हा आकडाही थोडा हलतो.

हा फरक किरकोळ नाही. 1983 मध्ये कॅनडात एका बोईंग 767 मध्ये इंधन भरताना किलो आणि पौंड यांची गल्लत झाली आणि विमान गरजेच्या निम्म्याच इंधनावर उडालं. वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिम्ली इथल्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. सगळे वाचले.

एक टाकी, पण डबे वेगवेगळे

घरात महिन्याचा पगार आला की आई पैसे वेगवेगळ्या डब्यांत टाकते. एक दुधाचा, एक शाळेच्या फीचा, एक पाहुण्यारावळ्यांचा. आणि एक तांदळाच्या पिंपात खोल पुरलेला, ज्याला घरातलं कोणी हात लावत नाही. पैसे सगळे सारखेच, पण प्रत्येक डब्याचं काम ठरलेलं. विमानाच्या टाकीतलं इंधनही असंच कागदावर वाटून ठेवलेलं असतं.

पहिला डबा टॅक्सीचा. विमान जमिनीवर आपल्या चाकांवर चालतं त्याला टॅक्सी म्हणतात, आणि धावपट्टीपर्यंत जायला लागणारं इंधन या डब्यात. दुसरा प्रवासाचा: उड्डाणापासून उतरेपर्यंत. तिसरा अनपेक्षित खर्चाचा. समोरून वारा जास्त लागला, हवी ती उंची मिळाली नाही, वळसा पडला, तर हा उघडायचा. तो साधारणपणे प्रवासाच्या इंधनाच्या 5 टक्के असतो. चौथा पर्यायी विमानतळाचा: जिथे जायचं तिथे उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्यापुरता.

पाचवा पिंपातला. याला अंतिम राखीव म्हणतात. जेट किंवा टर्बोप्रॉप (बाहेर पंखा असलेल्या) विमानासाठी तो 30 मिनिटांचा असतो: विमानतळाच्या दीड हजार फूट वर संथ घिरट्या घालायला जेवढं लागेल तेवढं इंधन. यातलं काहीही खर्च करायचं, असा बेत आखायला परवानगीच नाही. ते टाकीत असतानाच विमान उतरलं पाहिजे. याशिवाय कॅप्टनला आपल्या अनुभवावरून जादा इंधन मागता येतं. ढग दिसतायत, संध्याकाळची गर्दीची वेळ आहे, घ्या अजून पाचशे किलो.

आता एक हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यासाठी गोल केलेत, पण एअरबस 320 सारख्या विमानाच्या मुंबई-दिल्ली फेरीच्या आसपासचे आहेत. प्रवासाला 4,500 किलो. अनपेक्षित खर्चाला 225. दिल्लीत जमलं नाही तर जयपूरला जायला 1,400. अंतिम राखीव 1,100. झाले 7,225 किलो. धावपट्टीवर जोर लावण्याच्या क्षणी टाकीत किमान इतकं हवं. टॅक्सीसाठी वर 200 किलो, म्हणजे जागेवरून हलताना 7,425.

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तो 7,225. त्याला उड्डाणासाठीचं किमान इंधन म्हणतात.

रांगेत उभं राहिल्यावर काय होतं

असं विमान जमिनीवर दोन्ही इंजिनं चालू ठेवून मिनिटाला साधारण 10 ते 12 किलो इंधन जाळतं. दहा धरा. म्हणजे 200 किलोचा डबा वीस मिनिटांत रिकामा. एरवी तो पुरतो.

आता कॉकपिटमध्ये डोकावू. दोन्ही वैमानिकांच्या मधल्या पडद्यावर, इंजिनांच्या आकड्यांखाली, टाकीतलं एकूण इंधन किलोमध्ये दिसतं. पुढे सात-आठ विमानं शेपटीला शेपूट लावून उभी. मधल्या काळात उतरणारं एक विमान येतं, धावपट्टी मोकळी होते, रांगेतलं एक उडतं, सगळे पन्नास मीटर पुढे सरकतात, पुन्हा ब्रेक. पडद्यावरचा आकडा तेवढ्यात 7,310 वरून 7,290 झालेला असतो. सहवैमानिकाच्या टॅबलेटवर 7,225 ची खूण आहे. एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला, तो विचारतो, आमचा नंबर कितवा? उत्तर येतं, सहावा. दोघंही मनात गुणाकार करतात.

रांग 45 मिनिटांची झाली तर 450 किलो जळाले. टॅक्सीच्या डब्यात होते 200. उरलेल्या 250 मधले 225 अनपेक्षित खर्चाच्या डब्यातून काढले, तरी 25 किलो कमीच. आता पर्यायी विमानतळाच्या किंवा राखीव डब्याला हात घातल्याशिवाय उडताच येत नाही. तिसरा डबा जमिनीवर किती उघडायचा याबद्दल कंपन्यांचे नियम थोडे वेगळे असतात. काहींना तो उड्डाणाच्या वेळी भरलेलाच हवा असतो. पण शेवटचे दोन डबे जमिनीवर उघडायचे नाहीत, यात कुठेही सूट नाही.

पंचवीस किलो म्हणजे तीस-एक लिटर. साडेसात टनांत हे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. पण आज पंचवीस चालवून घेतलं तर उद्या पन्नासही चालतं, आणि मग सीमारेषा उरतच नाही. म्हणून ती आकड्यात आखलेली आहे, कॅप्टनच्या धीटपणावर सोडलेली नाही.

कमी पडलं की लगेच परत?

नाही. परत जाणं हा शेवटचा उपाय. त्याआधी कॅप्टन कंपनीच्या डिस्पॅचरशी बोलतो. डिस्पॅचर म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचा आराखडा करणारा माणूस. तो हिशेब नव्याने मांडतो. दिल्लीचं हवामान आता चांगलं असेल, तर लांबचा पर्यायी विमानतळ बदलून जवळचा घेता येतो का? वेग थोडा कमी ठेवला तर प्रवासाचं इंधन किती वाचेल? सरळ मार्ग मिळतोय का? नवा किमान आकडा 7,225 ऐवजी 7,000 आला, तर विमान नियमात राहूनच उडतं.

हे सगळं दहा मिनिटांत, पुढचं विमान सरकलं की आपलंही सरकवत, चाललेलं असतं. बसलेल्या प्रवाशांना ऐकू येते ती फक्त शांतता. वैमानिकांनी यातलं थोडं तरी माइकवर सांगावं, असं मला मनापासून वाटतं. माणसं उशिरापेक्षा अंधारात ठेवल्याने जास्त चिडतात.

परत गेल्यावर इतका वेळ का लागतो?

पाचशे किलो इंधन पाच मिनिटांत टाकीत जातं, हे खरं. बाकीचं तसं होत नाही. आपण सोडलेल्या बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, तोवर दुसरं विमान आलेलं असतं. रांगेतून बाहेर पडायला वाट मिळावी लागते. इंधनाची गाडी दुसरीकडे गुंतलेली असते. प्रवासी आत असताना इंधन भरायचं तर काळजी घ्यावी लागते: पट्टे सोडून बसायचं, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या, केबिन क्रू दारांपाशी. त्या घोषणेत पट्टे "सोडून" ठेवायला सांगतात ते यासाठी, गरज पडली तर झटकन उठता यावं म्हणून. मग वजनाचा नवा तक्ता, नवी वेळ, आणि रांगेत पुन्हा शेवटून उभं राहणं.

त्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा आहे. तास संपत आले असतील तर दुसरे वैमानिक बोलवावे लागतात. म्हणून वीस मिनिटांचं काम दीड-दोन तासांवर जातं.

मग टाकी फुल्ल करूनच का निघत नाहीत?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो रास्त आहे. एअरबस 320 च्या टाक्यांत सुमारे 19 टन इंधन मावतं. आपल्या उदाहरणात साडेसात टन घेतलं. मग अडवलं कोणी?

पहिलं कारण, विमान उडताना जितकं जड चालतं तितकं उतरताना चालत नाही. या जातीच्या विमानांत दोन्ही मर्यादांमध्ये दहा-बारा टनांचा फरक असतो. फुल्ल टाकीने दोन तासांच्या प्रवासाला निघालं, तर दिल्लीला पोचेपर्यंत जेमतेम साडेचार टन जळेल आणि विमान उतरण्यासाठी फारच जड राहील.

दुसरं, इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. वर घेतलेल्या प्रत्येक टनामागे ताशी साधारण 30 ते 40 किलो फक्त त्याचं ओझं वाहण्यात जातात. एका फेरीत हे नगण्य वाटेल, पण दिवसाला शेकडो फेऱ्या असतात.

तिसरं कारण खास आपल्याकडचं. उजळाईवाडीची धावपट्टी पूर्वी 1,370 मीटर होती, आता 1,930 मीटर आहे, आणि ती 2,300 मीटर करायचं काम हाती घेतलेलं आहे. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. उंचीवर हवा विरळ, एप्रिल-मेच्या दुपारी तापून आणखी विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो, म्हणजे तेवढ्याच धावपट्टीवरून कमी वजन उचलता येतं. अशा वेळी वाढवलेलं प्रत्येक शंभर किलो इंधन म्हणजे जवळजवळ एक प्रवासी आणि त्याची बॅग. धावपट्टी वाढवा म्हणून कोल्हापुरात इतकी वर्षं जो आग्रह चालला, त्यात मोठी विमानं यावीत हे तर आहेच. पण असलेल्या विमानांना दोन पैशाचं इंधन जास्त घेऊन, सगळ्या जागा भरून निघता यावं, हेही त्यात आहे. त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

इंजिन बंद ठेवून रांगेत उभं राहता येत नाही का?

बऱ्याचदा एक इंजिन बंद ठेवूनच टॅक्सी करतात. दोन्हीही बंद करता येतात. तेव्हा शेपटीतलं छोटं सहायक इंजिन वीज आणि थंड हवा पुरवतं आणि तासाला शंभर-सव्वाशे किलोत भागवतं. अडचण अशी की जेट इंजिन सुरू केल्या केल्या पूर्ण जोर लावता येत नाही, ते काही मिनिटं गरम व्हावं लागतं. रांग अचानक हलली आणि आपलं इंजिन तयार नसलं, तर मागची सगळी विमानं खोळंबतात. शिवाय एका इंजिनावर जड विमान चढावर किंवा वळणावर हलवायला जास्त जोर द्यावा लागतो, आणि मागून सुटणारा झोत जमिनीवरच्या माणसांना धोक्याचा.

कोल्हापूरला येणाऱ्या एटीआर विमानाची गंमत वेगळी आहे. त्याला शेपटीतलं सहायक इंजिन नसतंच. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन आतल्या आत चालू ठेवतात. पुढच्या वेळी चढताना लक्ष द्या: उजव्या बाजूने घरघर येत असते आणि तरी तिकडचा पंखा हलत नसतो. बिघाड नसतो तो. विमान वीज तयार करत असतं, आणि अर्थात तेवढं इंधनही खात असतं.

"अर्धा तास तर शिल्लक असतो ना, उडायचं की!"

इथे मी अजिबात नमतं घेणार नाही. हा अर्धा तास उशीर भरून काढायला नाही. उतरताना पुढच्या विमानाचा टायर फुटून धावपट्टी बंद झाली, अगदी शेवटच्या क्षणी पुन्हा वर जावं लागलं, तर जीव वाचवायला आहे.

25 जानेवारी 1990 ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला येणारं आव्हियांका कंपनीचं बोईंग 707 खराब हवामानामुळे वाटेत तीनदा घिरट्यांत अडकलं, एकूण सव्वा तासाहून जास्त. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं, प्राधान्य मागितलं, पण आणीबाणी जाहीर करणारे ठरलेले शब्द उच्चारले नाहीत. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यासाठी वळतानाच इंजिनं थांबली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 जणांपैकी 73 दगावले.

आज त्यासाठीचे शब्द जगभर ठरलेले आहेत. यापुढे आणखी उशीर झाला तर अंतिम राखीवला हात लागेल अशी वेळ आली, की वैमानिक "मिनिमम फ्युएल" म्हणतो. यात तो प्राधान्य मागत नाही, आता लवचीकता संपली एवढं कळवतो. राखीवच्या आत उतरावं लागणार हे दिसलं, की "मेडे, मेडे, मेडे, फ्युएल". मग आकाशातले सगळे बाजूला होतात. जून 2025 मध्ये गुवाहाटीहून चेन्नईला निघालेल्या एका विमानाने इंधनासाठी मेडे पुकारला आणि ते बंगळुरूला सुखरूप उतरलं. बातम्यांचे मथळे घाबरवणारे होते. पण वेळेवर मेडे पुकारणं म्हणजे 1990 चा धडा अमलात येणं.

कंपन्या पैसे वाचवायला कमी इंधन भरतात का?

नेमकं बोलायचं तर, नियमापेक्षा कमी भरत नाहीत, पण नियमाच्या जवळ भरतात. इंधन हा विमान कंपनीच्या सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक आहे आणि किती जादा घेतलं याच्या नोंदी ठेवल्या जातात. अंतिम शब्द कायद्याने कॅप्टनचा असतो. मात्र रोज जादा मागणाऱ्याला कोणी प्रश्न विचारला, तर तो प्रश्न दबाव ठरू शकतो.

26 जुलै 2012 ला माद्रिदवर वादळ आलं आणि रायनएअर या आयरिश कंपनीची तीन विमानं व्हॅलेन्सियाला वळवावी लागली. तिथे गर्दी झाली आणि तिघांनीही इंधनासाठी मेडे दिला. तिन्ही सुखरूप उतरली. आयर्लंडच्या चौकशीत असं निघालं की तिघांनीही नियमाप्रमाणे इंधन घेतलं होतं, तरी कंपनीने आपल्या इंधन धोरणाचा फेरविचार करावा अशी शिफारस झाली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. कायद्याने लागतं तेवढं आणि त्या संध्याकाळी लागतं तेवढं, यातलं अंतर ओळखतो तो कॅप्टन. त्याला जादा पाचशे किलो मागताना दोनदा विचार करावा लागू नये.

आकाश निरभ्र, तरी विमान कोल्हापुरातच का अडवलं?

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतली मुंबईतली विमानं ताशी 46 वरून 44 वर आणली. तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की विमानं मुंबईवर 40 ते 60 मिनिटं घिरट्या घालतायत आणि 40 मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे 1.7 किलोलिटर, म्हणजे 1 लाख 80 हजार रुपयांचं इंधन जातं.

म्हणून आता दिल्लीतल्या केंद्रातून देशभरच्या वाहतुकीचा अंदाज घेतात आणि मुंबईत गर्दी होणार असेल तर निघणाऱ्या विमानाला उड्डाणाची वेळ आधीच ठरवून देतात. कोल्हापुरात लख्ख ऊन असतं, आणि वैमानिक सांगतो की मुंबईने अर्ध्या तासाने सोडायला सांगितलंय. ते थांबणं उजळाईवाडीच्या जमिनीवर होतं, जिथे मिनिटाला काही किलो जळतात किंवा काहीच जळत नाही. तेच घिरट्यांत झालं असतं तर तिसऱ्या-चौथ्या डब्यातून गेलं असतं.

कोल्हापूरला दिवसातून मोजकीच विमानं येतात, त्यामुळे मुंबईत पुढचं विमान चुकलं की फटका मोठा. दोन्ही प्रवास शक्यतो एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय करायची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं असतील तर मध्ये तीन तास तरी ठेवा. औषधं आणि लहान मुलांचं खाणं हातातल्या बॅगेत असू द्या. आणि विमान परत बेवर आलंच, तर केबिन क्रूला एवढंच विचारा की वैमानिकांचे कामाचे तास किती उरलेत. पुढचं विमान बदलून घ्यायचं का वाट बघायची, ते त्या उत्तरावरून ठरवता येतं.